ओढ्याचे वाढीव मार्क

तो उडी मारून माझ्या कमरेला मिठी घालेपर्यंत आमची काहीच ओळख नव्हती.

मी ओढ्याच्या मधोमध उभी. मांडीपर्यंत गमबूट, हातात लांब दांड्याची जाळी, आणि तळातले दगड जिवाच्या आकांताने लाथाडतेय. हे माझं काम आहे. याचा मला पगार मिळतो. आईला अजून खरं वाटत नाही, पण मिळतो.

ओढ्याची तब्येत बघायची तर नुसतं पाणी बाटलीत भरून भागत नाही. बाटलीतलं पाणी म्हणजे पाहुण्यांसमोर बसवलेलं पोर… तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागतं. आतलं खरं काय ते ठाऊक असतं दगडाखाली राहणाऱ्या किड्यांना. ते तिथेच जन्मलेले, तिथेच पडून असलेले. शेजाऱ्यांना कसं घरातलं सगळं माहीत असतं, तसं. म्हणून दगड हलवायचे, घाबरून सुटलेले किडे प्रवाहाबरोबर जाळीत येऊ द्यायचे, आणि कोण कोण सापडलं ते बघून ओढ्याला मार्क द्यायचे. नियम एकच — लाथा मोजून तीन मिनिटं मारायच्या. कमी नाही, जास्त नाही.

माझी दोन मिनिटं चाळीस सेकंदं झाली होती.

"घाबरू नका! धरलंय मी!"

धप्पकन आवाज आला, पाणी तोंडावर उडालं, आणि मागून कुणीतरी मला असं आवळलं की उरलेल्या वीस सेकंदांचा प्रश्नच मिटला.

"सोडा! सोडा म्हणते ना!"

"पाय अडकलाय का? काही चावतंय?"

"तुम्ही चावताय! सोडा आधी!"

त्याने सोडलं. सोडताना तोल गेला त्याचा, बसकण मारली मी. जाळी निघाली पाण्याबरोबर आपल्या आपण गावाला, आणि गळ्यातलं स्टॉपवॉच बुडबुडे काढत शांत झालं. मी डोळ्यांतलं पाणी पुसून बघितलं तर समोर एक ओलाचिंब माणूस. एक डोळा साधा, आणि दुसरा घुबडाएवढा. किंचाळलेच मी.

"हां हां, हे भिंग आहे," तो घाईघाईने डोळ्यावरचं काळं नळकांडं काढत म्हणाला. "काढायचं राहिलं. वर खिडकीत काम करत होतो. बघितलं, तर बाई पाण्यात उभ्या राहून तडफडतायत…"

"तडफडत नव्हते! नमुना घेत होते!"

"कशाचा?"

"किड्यांचा."

त्याने माझ्याकडे वरपासून पाण्यापर्यंत बघितलं. मग फार जपून म्हणाला, "घरचं कुणी आहे का बरोबर?"

तेवढ्यात काठावरच्या पायऱ्यांच्या वरून एक खणखणीत बाईमाणूस ओरडलं, "अरे, वाचली का?"

"वाचली, आत्या!"

"मग वर आण ना! पाण्यात बसून कसल्या ओळखी काढताय?"

तो घड्याळं दुरुस्त करायचा. दुकान रस्त्याच्या बाजूला, पण मागच्या दाराच्या पायऱ्या थेट ओढ्यात उतरायच्या. आत भिंतभर घड्याळं, आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं. कुठे सव्वाचार, कुठे दहाला पाच. आत्या गल्ल्यावर. तिने मला टॉवेल दिला, चहा दिला, आणि माझं वय, शिक्षण, भावंडं, सगळं चहा निवायच्या आत काढून घेतलं.

"आणि किडे मोजायची नोकरी कायमची आहे?"

"सध्या सहा महिन्यांची. हा ओढा माझा पहिलाच. महिन्यातून एकदा असे तीन नमुने घ्यायचे, मग माझ्या सहीने अहवाल जाणार. तो नीट गेला तर कायम करतील."

"आणि नाही गेला तर?"

"तर मग… घरी."

"बघ," आत्या भाच्याला म्हणाली, "पोरीची नोकरी चालली होती तुझ्या उडीपायी."

तो कानापर्यंत लाल झाला. "तुमचं घड्याळ मी उघडून देतो. आणि आता परत जायचं असेल ना पाण्यात, तर वेळ मी सांगतो. पायरीवरून. उडी न मारता."

तर असं सुरू झालं. मी जाळी शोधून आणली, थोडी वरच्या अंगाला गेले, आणि पुन्हा लाथा मारायला लागले. तो पायरीवर उभा राहून हातातल्या घड्याळाकडे बघत ओरडायचा, "एक मिनिट झालं! … दीड! … छान चाललंय!" गल्लीतली चार माणसं खिडकीत आली. छान काय चाललंय ते त्यांना कळेना. मलाही फारसं कळत नव्हतं, पण ऐकायला बरं वाटत होतं.

मग पांढऱ्या ट्रेमध्ये जाळी रिकामी केली आणि आम्ही दोघं त्यावर वाकलो. त्याने भिंग डोळ्याला लावलं, चिमटा घेतला. घड्याळवाल्याचा हात काय असतो ते मी तेव्हा पाहिलं. मी एक किडा उचलते तेव्हा दोन पाय ट्रेमध्येच राहतात. त्याने उचलला की किड्याला कळतही नसे.

"हिला किती मार्क?"

"जळू. तीन."

"एवढं रक्त पिऊन तीनच?"

"ती घाण पाण्यातही मजेत राहते ना. जो जितका नाजूक, त्याला तितके जास्त. गोगलगाय तीन. ही लाल अळी दोन. गाळातलं गांडूळ एक, ते कुठेही राहतं. हा काळा पाणकिडा पाच. झाले चौदा."

"आणि दहा कुणाला?"

"दगडमाशीच्या पिल्लाला. अंगाने चपटं, मागे दोन शेपट्या. तीन शेपट्या असल्या तर ती दुसरी जात, तिलाही दहाच. यांना पाणी गार लागतं, खळाळतं लागतं, आणि एकदम स्वच्छ. जरा काही बिघडलं की नाहीशा."

"म्हणजे जरा मनाविरुद्ध झालं की रुसून जाते तिला दहा."

"तसंच म्हणा."

"मग आमच्या आत्याला बारा द्यावे लागतील."

"ऐकू येतंय मला!" वरून आवाज आला.

मी हसले. हसताना त्याच्याकडे बघितलं, आणि त्याने नेमकं त्याच वेळी भिंगातून माझ्याकडे बघितलं. एवढा मोठा डोळा कुणी माझ्यावर लावला नव्हता आजवर.

"चाळीसच्या वर गेला की ओढा पास," मी ट्रेकडे बघत म्हणाले. "चौदा म्हणजे… वरची लाँड्री साबणाचं पाणी सोडते ना, त्याचा प्रताप. तिसऱ्या नमुन्यातही चाळीसच्या खाली राहिला तर त्यांना पाणी गाळायचं यंत्र बसवावं लागणार. पण खरं सांगू? मला एकदा तरी दगडमाशी बघायचीय या ट्रेमध्ये. बाकीच्यांच्या ट्रेमध्ये बघितलीय. माझ्या… नाही."

"मिळेल हो."

"नाही मिळायची. मिळाली तर नाचेन मी."

हे वाक्य मी सहज बोलले. माणसाने घड्याळ दुरुस्त करणाऱ्यासमोर काहीही सहज बोलू नये. तो सगळं सुटं करून ठेवतो आणि नंतर एकेक जोडत बसतो.

दुसऱ्या महिन्यात ट्रेमध्ये दगडमाशी होती.

एकच. चपटी, पिवळसर, दोन शेपट्या. दगडाच्या तुकड्याला घट्ट धरून बसलेली, आणि चेहऱ्यावर भाव असे की चुकीच्या लग्नाला आलोय. मी तिच्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, परत तिच्याकडे.

"ही… ही तीच आहे का?"

"मी काय सांगणार बापडा," तो म्हणाला. "पण शेपट्या दोन दिसतायत."

मी नाचले. गमबुटांत अर्धा लिटर पाणी असताना नाचले. त्याचे दोन्ही हात धरून नाचले, आणि मग लक्षात आलं की हात धरलेत, म्हणून सोडले, आणि मग उगाचच जाळी झटकायला लागले, आणि जाळीतली जळू आत्याच्या वाळत घातलेल्या साडीवर जाऊन बसली. त्याचं पुढे बरंच काय काय झालं.

"चोवीस!" मी साहेबांना फोन केला. "ओढा सुधारतोय, साहेब!"

आमचे साहेब म्हणजे सरासरीसाहेब. दोन माणसं भांडत आली तर ते दोघांनाही अर्धं अर्धं बरोबर ठरवतात. छत्रीसुद्धा रोज आणत नाहीत, दिवसाआड आणतात. ते म्हणाले, "चौदा आणि चोवीस. म्हणजे एकोणीस. चांगलं आहे."

तिसऱ्या महिन्यात पाऊस आला. आता प्रेमकथेत पाऊस आला की माणसं जवळ येतात, एका छत्रीत वगैरे. आमच्यात उलटं. पावसाने पाणी गढूळ होतं आणि गढूळ पाण्यात नमुना घेता येत नाही. आठ दिवस मी ऑफिसच्या खिडकीतून आभाळाला शिव्या देत होते. तो रोज सकाळी फोन करायचा, ओढ्याची खबर द्यायला.

"आज कसंय पाणी?"

"चहासारखं. दूध जास्त झालेल्या."

"आणि तुम्ही?"

"मी… मी बराय. तुम्ही कधी येताय? म्हणजे नमुन्याला."

"पाणी निवळलं की. ते मागे काय वाजतंय?"

"गजर. दुरुस्तीला आलेत."

"रोजच वाजतायत. आणि दर दहा मिनिटांनी?"

"साथ आलीय हो गजराची," तो म्हणाला. मागून आत्याचा आवाज आला, "कानात बोळे घालून बसलेय मी, कळव तिला!" आणि फोन ठेवला गेला.

नवव्या दिवशी पाणी निवळलं. मी पहाटेच्या पहिल्या बसने गेले. तो पायरीवर तयार होता, डोळे तारवटलेले, दाढी वाढलेली. "तीन मिनिटं सुरू," म्हणाला, आणि आवाज थोडा कापला.

ट्रेमध्ये दगडमाशी होती. शेजारी तीन शेपट्यांची होती. आणि एक बिऱ्हाडवालीही होती. बिऱ्हाडवाली हे आमचं ऑफिसातलं नाव. ही अळी वाळूचे कण, काड्या, जे मिळेल ते तोंडातल्या चिकट धाग्याने जोडून नळीसारखं घर करते आणि ते अंगावर घेऊन हिंडते. आठ मार्क. नेहमीची पाच मंडळीही होती. चौदा, आणि दहा, आणि दहा, आणि आठ.

"बेचाळीस," मी म्हणाले. "पास झाला. माझा ओढा पास झाला!"

त्या वेळी मी त्याच्या गळ्यात पडले हे मी अहवालात लिहिलं नाही. बाकी सगळं लिहिलं. दुपारी सही ठोकली. पहिली सही, तीही इतकी लफ्फेदार की साहेबांनी विचारलं, "ही मोराची आकृती कशाला काढलीय?"

तिसऱ्या दिवशी लाँड्रीवाल्याने ओढ्याच्या काठावर पाटी लावली: 'आमच्या पाण्याने ओढा निरोगी.' खाली साबणाचा फेस ऐटीत तरंगत चालला होता.

शनिवारी मी नमुन्यातले किडे बाटल्यांत भरायला घेतले. हे शेवटचं काम. प्रत्येकाला सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं, नाव लिहायचं, झाकण लावायचं. बिऱ्हाडवालीला धरलं, आणि ती चमकली.

मी भिंग पुसलं. परत बघितलं. घरात वाळू होती. काड्या होत्या. आणि वाळूच्या मधोमध एक पितळी चाक होतं, दात असलेलं. मी दात मोजले. पंधरा. दाराशी, जिथून ती डोकं बाहेर काढते तिथे, खसखशीएवढा लाल खडा. शेजारी स्क्रू, आटे पडलेला.

ओढ्याच्या तळाशी काय काय सापडतं ते मला माहीत आहे. चपला सापडतात. एकदा कवळी सापडली. पण पंधरा दातांचं चाक घराला लावून मिरवणारी अळी ओढ्यात जन्मत नाही. ती कुठे राहून आलीय हे सांगायला मला सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती.

मी बाटली घेतली आणि बस पकडली.

दुकानात तो मान खाली घालून काम करत होता. मी बाटली त्याच्यासमोर ठेवली.

"हे दुरुस्तीला आलंय."

त्याने भिंग लावून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग भिंग काढलं.

"अरेच्चा," तो हळूच म्हणाला. "माणिक इथे होतं होय."

"तरी म्हटलं!" आत्या गल्ल्यावरून उठलीच. "त्या गिऱ्हाईक बाईंचं घड्याळ आत सतरा माणकं घेऊन आलं होतं, गेलं सोळा घेऊन! मला चोर ठरवायला निघाल्या होत्या!"

"कुठून आणले?" मी विचारलं.

"उगमाजवळून. डोंगरात. सायकलने गेलो होतो, डबा बांधून. गेल्या वेळी एक आणली होती. ती मेली बहुतेक नंतर… वाईट वाटलं मला. या वेळी म्हटलं जास्त आणू. पण पाऊस आला, आणि तुम्ही आलाच नाहीत, मग आठ दिवस पाळावं लागलं त्यांना. परातीत. खळाळतं पाणी पाहिजे म्हणालात, म्हणून गजराच्या दांडीला पंखा बांधला. दहा मिनिटांनी गजर व्हायचा आणि पाणी ढवळायचं."

"रात्रंदिवस!" आत्या म्हणाली. "रात्रंदिवस गं बाई!"

"एकीचं घर चिमट्यात फुटलं हो माझ्याकडून," तो म्हणाला. "उघडीच पडली. मला वाटलं संपली. पण परात माझ्या टेबलाखालीच होती, सुटे भाग पडत असतात त्यात… चार दिवसांत तिने बांधलं परत. तुम्ही बघितलंत ना, चाक कसं बसवलंय? माझ्याकडूनही इतकं सफाईने…"

"कौतुक करू नका!" मी ओरडले. तीन-चार घड्याळं दचकून टोले द्यायला लागली. "तुम्ही ओढ्याला कॉपी पुरवलीत! हो, कॉपी! तो नापास आहे! लाँड्रीवाला वर पाटी लावून बसलाय आणि खाली माझी सही आहे! पहिली सही!"

त्याने भिंग टेबलावर उलटं ठेवलं. मग म्हणाला, "मला वाटलं, मार्क कसेही आले तरी ओढ्याचं भलंच."

"मार्क वाढले म्हणजे तब्येत वाढली का? ताप मोजायच्या नळीला फुंकर घालून ताप उतरतो?"

"नाही."

"मग कशाला केलंत हे?"

"ते… ते असू दे."

"असू दे काय! मला सोमवारी साहेबांपुढे उभं राहायचंय. तिथे मी काय सांगू?"

त्याने चिमटा उचलला, ठेवला, परत उचलला. "मीच येतो सोमवारी," तो म्हणाला. "मी सांगतो."

घरी येताना बसमध्ये माझ्या मनात येऊन गेलं — बाटली खिडकीतून टाकली तर? कुणालाच कळणार नाही. नोकरी कायम. पण मग तो फेस आठवला, आणि त्या फेसाखाली बसलेली लाल अळी, दोन मार्कांची, प्रामाणिक. तिने बिचारीने काही लपवलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी साहेबांच्या टेबलावर बाटली ठेवली आणि म्हणाले, "साहेब, अहवाल मागे घ्यायचाय. बेचाळीस खोटे आहेत. खरे चौदा."

साहेब एकदम उभे राहिले. मला वाटलं, आता गेली नोकरी. ते खालच्या कप्प्यापाशी बसले, आत हात घालून चाचपलं, आणि धूळ झटकत एक कागद वर काढला. त्यांच्या डोळ्यांत पाणी असावं, धुळीने किंवा कशानेही.

"फॉर्म नंबर एकोणीस," ते म्हणाले. "सादर केलेला अहवाल स्वतःहून मागे घेणे. बारा वर्षं झाली मला इथे. चुकलं कुणी नाही असं नाही. पण येऊन सांगितलं कुणी नाही. एकदा तरी हा भरून घ्यायची फार इच्छा होती हो."

"माझी नोकरी…?"

"खोटा अहवाल देणाऱ्याची जाते. मागे घेणाऱ्याची जाते की राहते, ते नियमांत दिलेलंच नाही. ज्याअर्थी दिलेलं नाही, त्याअर्थी मी ठरवणार. राहते. पुढे… हस्तक्षेप कुणी केला?"

"मी," दारातून आवाज आला. तो उभा होता, इस्त्रीच्या शर्टात. मागे आत्या.

"दुकान बंद करून आलोय साहेब, वीस वर्षांत पहिल्यांदा," आत्या खुर्ची ओढत म्हणाली. "आणि परात माझी होती, तेही लिहून घ्या."

साहेबांनी पेन उघडलं. "हस्तक्षेपाचं कारण?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "कारण… घड्याळ का थांबलं ते मला उघडून कळतं. माणसाचं तसं उघडता येत नाही. या बाई ट्रेमध्ये बघायच्या आणि यांचं तोंड एवढंसं व्हायचं. ओढा मला दुरुस्त करता येत नाही. पण दगडमाशी दिसली की या हसतात, एवढं कळलं होतं. म्हणून आणली."

पेन थांबलं. "म्हणजे लाँड्रीवाल्याने सांगितलं म्हणून नव्हे?"

"लाँड्रीवाल्याचा काय संबंध?"

"फक्त या हसाव्यात म्हणून? सायकलवर?"

"येताना चढ आहे मध्ये," तो म्हणाला. "पण हो."

साहेबांनी शब्दन् शब्द लिहून घेतला. मी खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक भिंत होती, पण मी ती फार बारकाईने बघितली. शनिवारपासून सांभाळून ठेवलेला राग कुठे गेला ते सापडेना.

"आता कलम अकरा," साहेब माझ्याकडे वळले. "हे तुम्ही भरायचं. 'हस्तक्षेप करणाऱ्या व्यक्तीशी अधिकाऱ्याचा संबंध आहे काय? हो किंवा नाही. असल्यास तपशील.' नीट वाचा. नाही लिहिलंत, तर ओढा तुमच्याकडेच राहील. पुढचे नमुने तुम्हीच घ्यायचे. पण मग या इसमाशी बोलणंचालणं बंद. पुढे संबंध आढळला तर हा फॉर्मही खोटा."

"आणि हो लिहिलं तर?"

"तर ओढा तुमच्या हातून जाईल. आपल्या माणसाच्या दारातल्या पाण्याला मार्क देता येत नाहीत. दुसरं पाणी मिळेल. सध्या… टायर कारखान्यामागचा नाला रिकामा आहे."

त्या नाल्याला आजवर एकच मार्क मिळालेला आहे. दरवर्षी. तेच गांडूळ असावं असा आमचा संशय आहे.

मी कागद पुढे ओढला. त्या ओढ्यातला दगड न् दगड मला पाठ होता. कुठला हलतो, कुठला घसरतो, कुठल्याखाली पाणकिडा बसतो. आणि खरे चौदा मार्क लिहिले गेले की लाँड्रीला यंत्र बसवावंच लागणार. हळूहळू पाणी सुधारणार. दोन वर्षांनी, तीन वर्षांनी, एक दिवस कुणाच्या तरी ट्रेमध्ये खरीखुरी दगडमाशी येणार, आपल्या पायांनी आलेली. तो ट्रे माझा नसणार.

"नाही लिहा," तो एकदम म्हणाला. "मी ओढ्याकडचं दार बंद करून टाकतो. खिळे मारतो. ओढा तुमचा आहे."

"तुम्हाला कुणी विचारलंय?"

"नाही, पण…"

"मग गप्प बसा. कलम अकरा माझं आहे."

आत्या म्हणाली, "बारा मार्क तर हिलाच द्या."

मी लिहिलं. तपशिलासाठी दीडच ओळ होती, पण पुरली. कागद साहेबांकडे सरकवला. तो टाचा उंचावून बघायला लागला तशी मी वर हात ठेवला. साहेबांनी माझा हात बाजूला केला, चष्मा लावला, आणि अर्जावरचा पत्ता वाचावा तशा आवाजात वाचलं:

"'हो. तपशील: ठरायचा आहे. त्याला आज विचारणार आहे.'"

खोलीत कुणी बोललं नाही. आत्यासुद्धा नाही, यावरून काय ते समजा.

साहेबांनी चष्मा काढला. "असा अर्धवट फॉर्म मला घेता येत नाही," ते म्हणाले. "विचारून घ्या."

"इथे?"

"जेवणाच्या सुट्टीला वीस मिनिटं आहेत. त्याच्या आत."

मी वळले. त्याच्याकडे बघितलं. भिंग नव्हतं, काही नव्हतं, दोन साधे डोळे, आणि दोन्ही घाबरलेले.

"हे बघा," मी म्हणाले, "मला राग आलाय तुमचा. अजून आहे थोडा. यापुढे माझ्या ट्रेमध्ये तुम्ही काहीही टाकायचं नाही. रडले तरी नाही. हे चालणार असेल तर… नाल्याला फार वास येतो, मी रोज संध्याकाळी तसलाच वास घेऊन येणार… आणि आईला मी सांगेन, ती आधी ओरडेल… तर तुम्ही माझ्याशी…"

"हो."

"प्रश्न पूर्ण होऊ द्या," साहेब म्हणाले.

"हो, पण हो," तो म्हणाला. "तू कधीही पूर्ण कर."

साहेबांनी ती दीड ओळ खोडली, वर नवीन लिहिलं, शाई फुंकून वाळवली आणि कागद आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला.

"दोघांनी सह्या करा," ते म्हणाले. "आणि मोर नको."